घरात सहज मिळणारे साहित्य

मुलांच्या विज्ञानप्रयोगांच्या पुस्तकात सगळ्यात कल्पनारम्य भाग असतो तो 'साहित्य' या मथळ्याखालचा. पुढची कृती, निरीक्षण आणि अनुमान न्यूटनच्या हवाली करायला माझी हरकत नाही. पण 'घरात सहज मिळणाऱ्या वस्तू' म्हणून जी यादी छापलेली असते, ती करणाऱ्याचं घर मला एकदा आतून बघायचं आहे.

त्या घरात म्हणे काचेच्या रिकाम्या बाटल्या असतात. आमच्याकडे बाटली अर्धी होते तेव्हाच तिचं पुढचं स्थळ ठरलेलं असतं. जॅम संपला की मेतकूट, कॉफी संपली की ओवा. शिवाय त्या घरात एक जाड पुठ्ठा, दोन फूट तांब्याची तार, कॉर्नस्टार्च आणि लाल कोबी असतो. लाल कोबीसाठी मी सांगलीच्या मंडईत विचारून आले. भाजीवाली म्हणाली, "लालच पायजे तर टोमॅटो न्या की." यादीच्या शेवटी 'मोठ्या माणसाची मदत' असतं. ते मात्र आमच्या घरात खरोखरच सहज मिळतं. ते म्हणजे मी.

मे महिन्यात नणंदेचा मुलगा ठाण्याहून आला तो असं पुस्तक घेऊनच. तो सातवीत, माझी लेक चौथीत. मी बी.कॉम. असून एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. म्हणजे विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या जर्नलपुरता. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. त्यातलं निरीक्षण आम्ही प्रयोगाच्या आदल्या रात्री मोठ्या बहिणीच्या वहीतून उतरवून घेत असू, म्हणजे दुसऱ्या दिवशी निसर्गाचा गोंधळ उडत नसे.

पहिला मान अर्थातच ज्वालामुखीचा. ज्वालामुखीशिवाय बालविज्ञान नाही, जशी आरतीशिवाय पूजा नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली मध्ये उभी करून भोवती कणकेचा डोंगर रचला. आत दोन चमचे खाण्याचा सोडा. लाव्ह्याला रंग हवा म्हणून पुस्तकाने 'खाण्याचा लाल रंग' सांगितला होता. तो नव्हता म्हणून लेकीने मिसळणाच्या डब्यातली हळद घातली. व्हिनेगर नव्हतं म्हणून ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवलं. दोन्ही बदल मला न विचारता झाले, आणि पुढे जे काही शिकायला मिळालं ते या दोन बदलांमुळेच.

सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ते पेपर बाजूला ठेवून आले आणि डोंगराकडे बघून म्हणाले, "हा जपानातला झाला. आपल्याकडे असं नव्हतं."

"आपल्याकडे ज्वालामुखी होता, आजोबा?" भाच्याने विचारलं.

"अरे, तू उभा आहेस तेच मुळी लाव्ह्यावर!"

मग त्यांनी दख्खनचं पठार सांगितलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्यातून पातळ लाव्हा वाहत राहिला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. आपला दंडोबाचा डोंगरही त्याच दगडाचा. शंकूसारखा डोंगर, त्याच्या टोकाला भोक आणि भोकातून धूर, हे चित्र महाराष्ट्राला लागू नाही. सासऱ्यांना वर्गात कधी इतकं शांतपणे ऐकून घेतलं गेलं नसावं, कारण ते महाबळेश्वरपर्यंत पोचले तरी थांबेनात. शेवटी लेकीने कंटाळून लिंबूसत्त्वाचं पाणी ओतलं.

डोंगराच्या टोकातून काहीच आलं नाही. कणीक बुडाशी फाटली आणि फेस भेगेतून बाहेर पडून ओट्यावर पसरत गेला. चहाच्या डब्याला वळसा घालून तो गॅसच्या शेगडीखाली शिरला. भाचा हिरमुसला. सासरे मात्र टाळ्या वाजवायचे बाकी होते. "भेगी उद्रेक! अगदी बरोबर! आत्ता झालं दख्खन!" त्या दख्खनवर फडकं मारायला कुणी पुढे आलं नाही, तेव्हा 'मोठ्या माणसाची मदत' कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक पांढुरका, निस्तेज डाग दिसला. घासला, राखेने घासला, जाईना. सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "कडाप्प्यावर लिंबू सांडलं की असंच होतं. मी म्हणून कधी ओट्यावर लिंबू कापत नाही."

सासऱ्यांचा चेहरा पुन्हा उजळला. कडाप्पा म्हणजे चुनखडकच. आम्ल पडलं की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे ज्वालामुखीत सोड्याचं जे झालं तेच ओट्याचं झालं, फक्त सावकाश. भूवैज्ञानिक डोंगरात फिरताना सौम्य आम्लाची कुपी जवळ बाळगतात आणि दगडावर थेंब टाकून तो चुनखडक आहे का ते बघतात, हेही त्यांनी सांगितलं. हे त्यांनी मुलांसमोर सांगायला नको होतं.

त्या दिवशी घरातल्या प्रत्येक दगडाची परीक्षा झाली. लिंबूसत्त्वाचं दाट पाणी, औषधाचा ड्रॉपर आणि भिंग घेऊन दोघं निघाली. ओट्याच्या कोपऱ्यावर थेंब टाकला तर भिंगातून बारीक बुडबुडे दिसले. मागच्या पडवीतली शहाबादी फरशी हीसुद्धा चुनखडकाची, तीही नापास. पाटा मात्र ढिम्म. वरवंटा ढिम्म. माळ्यावरचं जातं ढिम्म. ती सगळी काळ्या बेसॉल्टची, म्हणजे आजोबांच्या त्या लाव्ह्याची. साडेसहा कोटी वर्षांनी त्याला लिंबाने काय होणार? मग मोर्चा देव्हाऱ्याकडे वळला, कारण संगमरवर हाही मुळात चुनखडकच. तिथे सासूबाई पदरासकट आडव्या उभ्या राहिल्या. संगमरवर आम्लात विरघळतो की नाही, याचं निरीक्षण आमच्या घरात आजतागायत झालेलं नाही आणि होणारही नाही.

आता हळदीचं. भाच्याच्या लक्षात आलं होतं की सोड्यात पाण्याचा हात लागला तेव्हा हळद विटकरी झाली होती आणि लिंबूसत्त्व पडल्यावर फेस पुन्हा पिवळा आला. पुस्तकात याबद्दल अक्षर नव्हतं. पुस्तकात लाल कोबी होता. पण ज्या गावात हळदीचे सौदे होतात, ज्याच्या शेजारी हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती आणि ज्याच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात कोबी शोधत फिरणं म्हणजे कृष्णाकाठी बसून बाटलीबंद पाणी मागवणं.

हळद पाण्यात कालवून जुन्या वहीच्या कोऱ्या पानांना फासली, पंख्याखाली वाळवली, पट्ट्या कापल्या. मग घरातलं जे जे ओलं होऊ शकतं ते ते पट्टीवर आलं. अंगाचा साबण, लाल. धुण्याचा सोडा, लालभडक. राखेचं पाणी, लाल. पानाचा चुना तर असा लाल की पट्टी कापून घ्यावी आणि लग्नात वाटावी. लिंबू, चिंच, ताक, कैरी यांनी काहीच केलं नाही. साध्या पाण्यानेही नाही. भाचा म्हणाला, "म्हणजे हळदीला फक्त अल्कली कळतं. आम्ल आणि पाणी तिला सारखंच." लेकीने लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं, तर ती परत पिवळी! हा शोध तिचा एकटीचा. तो तिने दिवसभर इतक्या वेळा जाहीर केला की शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून "कळलं गं बाई!" म्हणून दाद दिली. अंगणातल्या जास्वंदीचं पाणी याहून हुशार निघालं. ते लिंबाने गुलाबी आणि सोड्याने हिरवट, दोन्हीकडे बोलणारं. पण जास्वंद रोज सकाळी गणपतीकडे जाते, त्यामुळे नमुने कमी पडले.

सगळ्यात सुंदर लाल पट्टी पापडखाराची आली. सासूबाईंनी तो उडदाच्या पापडांसाठी मापून ठेवला होता. मापून, म्हणजे त्यांच्या मुठीने. त्यातली अर्धी मूठ विज्ञानाला गेल्याचं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हळद साबणाने लाल होते हे बघायला इतकी वर्षं थांबलात होय? बनियनवर वरण सांडलं की धुताना रोज होतं ते."

आणि मग त्यांनी स्वतःच्याही नकळत एक व्याख्यान दिलं. पाय मुरगळला की हळद आणि चुना कालवून लावतात, तो लेप लाल का दिसतो? हेच. साबणाने लाल झालेला डाग घासत बसायचं नाही, तो तसाच उन्हात वाळत घालायचा, संध्याकाळपर्यंत जातो. ही दुसरी गोष्ट सासऱ्यांनाही ठाऊक नव्हती. हळदीतलं रंगद्रव्य उन्हात टिकत नाही. ते उजेडाने मोडतं. म्हणजे तासाभरात सासूबाईंनी दर्शकाचा, औषधाचा आणि प्रकाशाच्या परिणामाचा असे तीन प्रयोग सांगितले. साहित्य, कृती, निरीक्षण सगळं तयार होतं. नव्हती ती वही.

अशी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आधी अरविंद गुप्तांची पुस्तकं वाचावीत असं मला वाटतं. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा इंजिनिअर सत्तरच्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन त्याने त्रिकोण, चौकोन, घरं उभी केली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचा असा सपाटा लावला की २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या यादीत आधी घर असतं आणि मग प्रयोग. सांगलीत आजही व्हॉल्व्हची नळी कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळते. तांब्याची दोन फूट तार मागितली तर तोच माणूस आधी "कशाला?" विचारतो.

त्यांची एक युक्ती म्हणजे स्ट्रॉची पिपाणी. स्ट्रॉचं टोक चपटं करून त्याला टोकदार कापायचं आणि फुंकायचं. फुंकता फुंकता दुसऱ्या टोकाकडून कात्रीने कापत गेलं की नळी आखूड होते आणि स्वर चढत जातो. पण १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ दोन फुंकरींत रडवेला होतो. मुलांनी परसातल्या पपईच्या पानाचा देठ घेतला. आवाज आला. किती आला हे दुपारी दोन वाजता वामकुक्षी घेणाऱ्या माणसाला विचारावं. सासऱ्यांचा ध्वनिशास्त्रातला रस भूशास्त्रापेक्षा बराच कमी निघाला.

बाकीचे प्रयोग किरकोळीत उरकले. पाण्याने काठोकाठ भरलेल्या ग्लासवर पुठ्ठा दाबून तो उलटा करायचा, हा लग्नपत्रिकेवर झाला. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, म्हणजे दहा मीटर उंच पाण्याला तो तोलून धरील. ग्लासभर पाणी त्याच्या खिजगणतीतही नाही. पाणी पडलं ते पत्रिकेचा कागद भिजल्यावर. ("मुलीकडचे खर्चाला आखडते, मी तेव्हाच म्हटलं होतं," इति सासूबाई.) केसांवर घासलेला फुगा भिंतीला चिकटला, तेव्हा भाच्याला फारच आश्चर्य वाटलं, कारण ठाण्यात पावसाळ्यात तो कधीच चिकटला नव्हता. दमट हवेत फुग्यावरचा विद्युतभार टिकत नाही, हे पुस्तकात नाही. पुस्तक ज्या देशात लिहिलं गेलं तिथे बहुधा जुलै येत नसावा. मटकीला मोड आणण्याच्या प्रयोगाला आमच्याकडे प्रयोग म्हणत नाहीत, उसळ म्हणतात. त्यामुळे 'अंधारात ठेवलेली' आणि 'उजेडात ठेवलेली' अशा दोन्ही वाट्या तिसऱ्या दिवशी एकाच फोडणीत गेल्या. तुलनात्मक निरीक्षण इतकंच की मीठ बेताचं पडलं होतं.

लिंबाच्या बॅटरीबद्दल मात्र दोन शब्द. मे महिन्यात लिंबू काय भावाने मिळतं हे माहीत असलेला माणूस लिंबाची बॅटरी सुचवणार नाही. एका लिंबात तांब्याचा तुकडा आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसला की एका व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. लहानसा लाल एलईडी लावायलाही दोन व्होल्टच्या जवळ लागतात, आणि वीज इतकी क्षीण की चार लिंबं ओळीने जोडल्याशिवाय तो डोळा उघडत नाही. खोलीत अंधार करून, हाताची ओंजळ धरून आम्ही सगळ्यांनी तो बघितला. सासूबाई म्हणाल्या, "चार लिंबांत एवढाच?" गंमत म्हणजे ती वीजही लिंबातून येत नाही. झिजतं ते खिळ्यावरचं जस्त, लिंबू नुसतंच मध्ये असतं. विरघळलेलं जस्त रसात उतरतं म्हणून त्या लिंबांचं सरबतही करता येत नाही. हे शेवटचं वाक्य सासूबाईंना सांगायचं काम मुलांनी माझ्यावर सोपवलं.

शेवटचा प्रयोग मेणबत्तीचा. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. हा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे किंवा निदान केल्याचं लिहिलं आहे. आणि अनुमान पाठ आहे: हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपला, म्हणून त्याच्या जागी एक पंचमांश पाणी चढलं. भाच्याच्या पुस्तकात हेच होतं आणि त्याला शाळेतही हेच सांगितलेलं होतं. तो प्रयोगाआधीच ग्लासवर स्केचपेनने पाच भाग आखून बसला.

मेणबत्ती विझली. पाणी चढलं, पण खुणेपाशी गेलंच नाही. शिवाय लेकीने एक गैरसोयीचं निरीक्षण नोंदवलं. तिचं म्हणणं, मेणबत्ती जळत असताना पाणी जवळजवळ हललंच नाही. ते भराभर चढलं ते विझल्यावर. "प्राणवायू तर जळताना संपतो ना? मग तेव्हाच का नाही चढलं?"

भाचा म्हणाला, "पुस्तकात दिलंय."

"पण तू बघितलंस ना?"

याला सातवीच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. मग ती म्हणाली, "आपण दोन लावू." दोन मेणबत्त्या लावल्या, तोच ग्लास, तितकंच पाणी. या वेळी पाणी जास्त चढलं. तीन लावल्या, आणखी जास्त. ग्लासातली हवा तीच, त्यातला प्राणवायू तोच. मेणबत्त्या वाढवल्याने तो वाढणार कुठून?

सासरे आता चष्मा लावून खाली फरशीवर बसले होते. हळूहळू उलगडा झाला. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगते, थोडी काठाखालून बुडबुड्यांनी निसटूनही जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. जितक्या ज्योती जास्त, तितकी हवा तापलेली, तितकं पाणी वर. प्राणवायू खर्च होतो हे खरं, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतोच की. आणि प्राणवायू पुरता संपण्याच्या कितीतरी आधीच मेणबत्ती विझते. हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो हेही खरंच आहे. फक्त बशीतल्या पाण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तो एक पंचमांश आकडा पिढ्यान्‌पिढ्या जर्नलमधून जर्नलमध्ये उतरत आला आहे, कारण निरीक्षण आदल्या रात्री लिहून ठेवण्याची पद्धत काही आमच्याच वर्गात नव्हती.

भाचा बराच वेळ स्केचपेनच्या खुणांकडे बघत होता. मग म्हणाला, "मामी, परीक्षेत मी एक पंचमांशच लिहिणार."

"आत्ता डोळ्यांनी बघितलंस तरी?"

"तीन मार्क आहेत," तो म्हणाला. "तीन मार्कांना मी पाणी खाली गेलं असंही लिहीन."

लेकीची परीक्षा नव्हती. तिने चौथी मेणबत्ती चिकटवली. मी नको म्हणेपर्यंत ग्लास उपडा झालाही होता. पाणी एकदम वर आलं, सगळ्या खुणांच्या पुढे गेलं, आणि तापलेल्या काचेला ते थंड पाणी लागताच ग्लास वरपासून खालपर्यंत तडकला. तो सासूबाईंच्या रुखवतातल्या सहांच्या सेटमधला होता, आणि त्याआधीचे पाच कसे फुटले हे त्यांच्या तारीखवार लक्षात आहे.

सासरे काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुम्ही थांबा. याचं अनुमान मी सांगते."